कोर्सली: जाडसर, ढोबळ की शिवराळ?

‘मिरी असभ्यपणे कुटून घ्या.’ असं वाक्य मराठीत कुठे दिसलं, तर मूळ इंग्रजीत ‘कोर्सली’ (coarsely) होतं हे ओळखावं. भाषांतर करणारा माणूस असो की यंत्र, त्यानं शब्दकोश उघडला आणि नेमकं नको त्या ओळीवर बोट ठेवलं. उलटी चूकही तितकीच सहज होते. मग कथेतला दारुडा ‘जाडसर हसतो’. जाडसर हसणं म्हणजे काय, या विचारात वाचक अडकतो आणि तोवर प्रसंगाची रया गेलेली असते.

‘कोर्सली चॉप्ड’ म्हणजे जाडसर चिरलेलं. ‘ही स्पोक कोर्सली’ म्हणजे तो असभ्य भाषेत बोलला. इंग्रजी बोलणाऱ्याला यात काही खटकत नाही, शेजारचं क्रियापद पाहून त्याला अर्थ आपोआप लागतो. मराठीत मात्र ही दोन्ही कामं एका शब्दाकडून होत नाहीत. का होत नाहीत, ते त्या शब्दाच्या जन्मात आहे.

‘कोर्स’ हे विशेषण इंग्रजीत पंधराव्या शतकाच्या सुरुवातीपासून सापडतं. तेव्हा त्याचा अर्थ खरखरीत असा नव्हता, ‘साधा, नेहमीचा’ असा होता. बहुधा ते ‘ओघ, रीत, शिरस्ता’ या अर्थाच्या ‘कोर्स’ (course) नामावरूनच आलं. ‘ऑफ कोर्स’मधला कोर्स तो हाच. शिरस्त्याचं कापड म्हणजे रोज अंगावर घालायचं, आणि रोजचं कापड जाड सुताचं, अंगाला टोचणारं. कापडावरून शब्दाला पोताचा अर्थ चिकटला. दुसरीकडे ‘साधं’वरून ‘साध्या लोकांचं’ आणि तिथून ‘असंस्कृत’, अशी घसरण 1500 च्या सुमाराला झालेली दिसते. ‘अश्लील’ हा अर्थ अठराव्या शतकाच्या सुरुवातीचा. स्पेलिंगमध्ये ‘ए’ घालून या विशेषणाला त्या नामापासून वेगळं करण्याची पद्धत सोळाव्या शतकाच्या अखेरीस रुळू लागली. देवनागरीत अर्थात दोन्ही ‘कोर्स’च, त्यामुळे आपल्याकडे आणखी एक घोळ फुकटात मिळतो.

म्हणजे खरखरीतपणा आणि असभ्यपणा यांच्यात मायलेकींचं नातं नाही, त्या बहिणी आहेत. दोघींची आई ‘सामान्यपणा’. निदान मला तरी शब्दाचा प्रवास असाच दिसतो. जुना अर्थ अजून एका ठिकाणी शाबूत आहे. ब्रिटनमध्ये सामन आणि ट्राउट हे मानाचे मासे सोडून गोड्या पाण्यातले बाकीचे मासे गळानं पकडणं, याला ‘कोर्स फिशिंग’ म्हणतात. त्या माशांच्या खवल्यांचा इथे संबंध नाही आणि ते शिव्याही देत नाहीत. ते फक्त ‘बाकीचे’ असतात.

इंग्रजी यात एकटी नाही. फ्रेंचमध्ये ‘ग्रोसिए’ हे जाड्याभरड्या कापडालाही लागतं आणि शिवराळ शब्दालाही. जर्मन ‘ग्रोब’ दळणाला चालतो, उर्मट माणसाला चालतो, शिवाय ढोबळ अंदाजालाही चालतो. रशियन ‘ग्रुबी’ची गतही तीच.

मराठीत पोताचे शब्द माणसाकडे वळतात, पण वेगळ्या दिशेनं. राठ हात, राठ केस आणि राठ माणूस. पण राठ माणूस म्हणजे मायेचा ओलावा नसलेला, अश्लील बोलणारा नव्हे. संस्कृतात ‘परुष’ म्हणजे खरबरीत, आणि परुष वचन म्हणजे कठोर बोलणं. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात ‘वाक्पारुष्य’ नावाचा गुन्हाच आहे: निंदा, अपमान, धमकी. त्यात खरखरीतपणा जिभेवर आला खरा, पण तो टोचण्यासाठी आला, किळस आणण्यासाठी नाही. कापडाच्या बाबतीत ‘जाडाभरडा’ हा आपला शब्द ‘कोर्स’शी अगदी तंतोतंत जुळतो, कारण त्यातही पोत आणि साधेपणा एकत्र आहेत. पण जाडाभरडा कापडावर आणि जेवणाखाण्यावरच थांबला. जाडंभरडं बोलणं असं आपण म्हणत नाही.

असभ्यतेचे शब्द आपण दुसऱ्याच घरांतून आणले. असभ्य म्हणजे सभेत शोभणार नाही ते. अश्लील म्हणजे ज्यात श्री नाही ते. शिवराळ शिवीवरून, अर्वाच्य ‘जे बोलू नये’ यावरून. इंग्रजीच्या वाटेनं गेलेला एकच मोठा शब्द आपल्याकडे आहे, तो म्हणजे ग्राम्य. अकराव्या शतकातल्या मम्मटानं काव्यप्रकाशात काव्याचे दोष सांगताना ग्राम्य आणि अश्लील वेगवेगळे मोजले आहेत. ग्राम्य कशाला म्हणावं, तर जो शब्द फक्त सर्वसामान्य लोकांच्या तोंडी असतो त्याला. त्याचं उदाहरण आहे ‘कटी’, म्हणजे कंबर. त्यात घाण काहीच नाही, शब्द तेवढा लोकांतला. ‘कोर्स’चा पंधराव्या शतकातला अर्थ याहून फार लांब नाही.

आता पोताच्या बाजूला येऊ. इथे पहिली गोष्ट लक्षात ठेवायची ती ही, की ‘कोर्स’ला स्वतःचं माप नाही. माप चाळणीचं असतं. हवेच्या प्रदूषणात 2.5 ते 10 मायक्रोमीटर व्यासाचे कण ‘कोर्स’ ठरतात, जे डोळ्यांना दिसणारही नाहीत. वाळूच्या बाबतीत, 1922 मध्ये भूवैज्ञानिक वेंटवर्थनं मांडलेल्या आणि अजून वापरात असलेल्या मोजपट्टीवर, 0.5 ते 1 मिलिमीटरचा दाणा कोर्स. काँक्रीटमध्ये 4.75 मिलिमीटरच्या चाळणीवर जी राहते ती कोर्स खडी. म्हणजे हवेतल्या सर्वांत मोठ्या कोर्स कणापेक्षा काँक्रीटमधला सर्वांत लहान कोर्स दगड पावणेपाचशे पट मोठा. तिन्ही ठिकाणी ‘खरखरीत कण’ असं लिहून चालत नाही. हवेतले ते मोठे कण, वाळू ती भरड किंवा जाड, खडी ती जाड खडी. भूविज्ञानात ‘भरडकणी खडक’ हा चांगला रुळलेला शब्द आहे, तिथे नवं काही शोधायला जाऊ नये.

स्पर्शाचे शब्द, म्हणजे खरखरीत, खरबरीत, खडबडीत, तेव्हाच वापरावेत जेव्हा खरोखर हात फिरवून कळणारी गोष्ट सांगायची आहे. सँडपेपर हे त्याचं चोख उदाहरण. तो खरखरीत असतो हे खरंच, पण त्याचा आकडा उलटा चालतो: पी 40 च्या कागदावरचा दाणा साधारण 425 मायक्रोमीटरचा, पी 120 वरचा 125 चा. नंबर लहान तितका कागद खरखरीत. मजकुरात ‘कोर्सर ग्रिट’ आलं आणि भाषांतरकारानं ‘वरच्या नंबरचा कागद घ्या’ असं लिहिलं, तर वाचकाचं लाकूड तासभर घासूनही होतं तसंच राहील.

याउलट बोल्ट पाहा. 10 मिलिमीटरच्या मेट्रिक बोल्टला ‘कोर्स’ आटे असतील तर दोन आट्यांमधलं अंतर 1.5 मिलिमीटर, ‘फाइन’ असतील तर 1.25 किंवा 1. आटे दोन्हीकडे सारखेच गुळगुळीत. ‘खरखरीत आटे’ लिहिलं तर वाचणाऱ्याला वाटेल बोल्ट गंजलाय किंवा आटे गेलेत. सूक्ष्मदर्शकाच्या बाजूला दोन चकत्या असतात, त्यातल्या मोठीला ‘कोर्स ॲडजस्टमेंट’ म्हणतात. ती एका फेऱ्यात जास्त अंतर सरकवते, एवढाच त्याचा अर्थ. पाठ्यपुस्तकात तिला ‘स्थूल’ म्हणतात, ते बरोबर आहे. झाडाचं पान ‘कोर्सली टूथ्ड’ असेल तर त्याच्या कडेला मोठे मोठे दात आहेत, पान हाताला मऊ असू शकतं. डॉक्टरांच्या भाषेत हाताची ‘कोर्स’ थरथर म्हणजे मोठ्या हेलकाव्यांची, लांबूनही दिसणारी.

म्हणून मी या बाजूचे चार कप्पे करतो. आकार मोठा असेल तर जाडसर, भरड, मोठा. हाताला लागत असेल तर खरखरीत, राठ. काम सफाईचं नसेल तर ओबडधोबड. आणि अचूकतेचा प्रश्न असेल तर ढोबळ. ‘कोर्सली एस्टिमेटेड’ म्हणजे ढोबळमानानं काढलेला अंदाज, तिथे ना जाडी ना खरखर.

स्वयंपाकाच्या कृतींत हा शब्द सर्वाधिक भेटतो आणि तिथे मराठी इंग्रजीपेक्षा श्रीमंत आहे. इंग्रजीला क्रियापदापुढे क्रियाविशेषण लावावं लागतं, आपल्याकडे बऱ्याचदा क्रियापदच पुरतं. ‘कोर्सली ग्राइंड’ याचं सुक्या दाण्यांसाठी ‘भरडा’ एवढं एका शब्दात होतं, जाडसरपणा क्रियेतच आला. ओलं असेल तर ‘जाडसर वाटा’, खलबत्त्यात असेल तर ‘जाडसर कुटा’, लसूण असेल तर नुसतं ‘ठेचा’. रवाळ म्हणावं ते हाताला दाणे लागतात तेव्हाच. ‘भरड चिरा’ मात्र चालत नाही. भरड हा सुक्या दळणाचा शब्द आहे, सुरीचा नाही. ‘जाड चिरा’ आणि ‘जाडसर चिरा’ यांतही फरक आहे. जाड चिरा म्हटलं की चकतीची जाडी डोळ्यांपुढे येते, जाडसर म्हटलं की तुकड्यांचा एकूण अंदाज. त्या ‘सर’ प्रत्ययात, लालसर-ओलसरमध्ये असतो तसा, ‘थोडंसं, साधारण’ असा भाव आहे. ‘कोर्सली’ही कधी नेमकं माप सांगत नाही, म्हणून ही जोडी जमते.

शेजारचा ‘रफली चॉप्ड’ हा वेगळा. त्यात तुकडे लहानमोठे, वेडेवाकडे झाले तरी हरकत नाही असं म्हणायचं असतं. कोर्सलीमध्ये तुकडे मोठे असले तरी साधारण सारखे असावेत अशी अपेक्षा असते, कारण लहान तुकडे आधी शिजून गळतात आणि मोठे कच्चे राहतात. रफलीला ‘कसेही चिरा’, कोर्सलीला ‘जाडसर चिरा’. सगळेच लिहिणारे हा भेद पाळतात असं नाही, पण भाषांतरात तो पाळायला काही लागत नाही.

आता व्याकरणाची एक खूण, जी मला शब्दकोशापेक्षा जास्त उपयोगी वाटते. मराठीत ‘कोर्सली’ला ‘पणे’ लावावंसं वाटलं की थांबावं. असभ्यपणे, असंस्कृतपणे हे ठीक आहे, कारण ‘पणे’ वागण्याची रीत सांगतो. ‘जाडसरपणे चिरलेला’, ‘खडबडीतपणे विणलेलं’ हे मात्र मराठी नाही. कारण असं की ‘कोर्सली ग्राउंड’मधलं क्रियाविशेषण दळण्याची रीत सांगतच नाही, दळून झाल्यावर हातात काय आलं ते सांगतं. दळणारा कितीही नाजूकपणे दळो, पीठ जाडसर निघालं की झालं. असा परिणाम सांगायला मराठी विशेषणच वापरते: जाडसर दळलेलं, बारीक चिरलेला, घट्ट मळलेली. ‘ढोबळपणे’ तेवढा अपवाद, तो ढोबळमानानं या अर्थी बिनबोभाट चालतो.

इंग्रजी वाक्यातच अर्थ ठरवायचा असेल, तर ‘कोर्सली’च्या जागी ‘फाइनली’, म्हणजे बारीक या अर्थाचा शब्द, घालून पाहावा. ‘फाइनली ग्राउंड’ उभं राहतं, म्हणून तिथे पोत. ‘ही जोक्ड फाइनली’ कोसळतं, म्हणून तिथे वागणूक. जागाही पाहावी. भूतकालवाचक धातुसाधिताच्या, म्हणजे ‘चॉप्ड’, ‘ग्राउंड’ अशा रूपांच्या, आधी आला तर बहुतेक वेळा पोत. बोलणं, हसणं, शिव्या देणं यांच्या नंतर आला तर वागणूक.

वागणुकीच्या बाजूला मराठीत शब्दांची वाण नाही, अडचण निवडीची आहे. ‘असभ्य’ हा सुरक्षित पण बेचव. सरकारी पत्रात शोभतो, संवादात नाही. शिवराळ तेव्हाच, जेव्हा खरोखर शिव्या आहेत. अर्वाच्य हा बोलण्यापुरता, अर्वाच्य हसता येत नाही. अश्लीलमध्ये लैंगिक सूचन हवंच, आणि त्या शब्दाला कायद्याचं वजन आहे, म्हणून तो उगाच खर्च करू नये. चावट म्हटलं की ऐकणाऱ्याच्या ओठांवर हसू येतं आणि ‘कोर्स’मधली किळस गायब होते. पाचकळ म्हणजे ज्यात दम नाही असा विनोद, घाणेरडा नव्हे. उद्धट आणि उर्मट तर पूर्णच चुकीचे, कारण त्यात मानापमानाचा प्रश्न आहे. एखादा नोकर मालकाशी अतिशय नम्रपणे बोलून मित्रांत ‘कोर्सली’ हसू शकतो. गावठी मी टाळतो. त्यात शिवी गावाला बसते, माणसाला नाही. आणि रांगडा कधीच नको. तो एकेकाळी हिणवणारा असेलही, आज तो कौतुकाचा शब्द आहे.

इथेही क्रियाविशेषण जसंच्या तसं आणण्याचा हट्ट नको. ‘ही स्वोअर कोर्सली’चं ‘त्यानं असभ्यपणे शिव्या दिल्या’ केलं तर प्रश्न पडतो, सभ्यपणे शिव्या कशा देतात? ‘अर्वाच्य शिव्या दिल्या’ म्हणावं, विशेषण शिव्यांना लावावं. ‘जोक्ड कोर्सली’चं ‘अचकटविचकट विनोद केले’. ‘लाफ्ड कोर्सली’ सर्वांत अवघड, कारण मराठीत हसण्याचे शब्द बहुतेक आवाजाचे आहेत: खो खो, फिदीफिदी, खदाखदा. ‘हिडीस हसला’ किंवा ‘घाणेरडं हसला’ हे मला त्यातल्या त्यात बरं वाटतं.

लेखक जेव्हा दोन्ही अर्थ मुद्दाम एकत्र वाजवतो तेव्हा खरी कसोटी. समजा वाक्य आहे: ‘द मॅन इन द कोर्सली वोवन कोट लाफ्ड कोर्सली.’ सरळ भाषांतर: ‘जाड्याभरड्या कोटातला तो माणूस घाणेरडं हसला.’ अर्थ पुरा आला, पण कोट आणि हसणं यांना बांधणारा धागा तुटला. मूळ वाक्यात निवेदक कापडावरून माणसाची पायरी ठरवतोय, आणि तो वरून खाली पाहतोय. धागा राखायचा तर ‘अंगातल्या कोटासारखंच त्याचं हसणंही राठ होतं’ असं करता येतं. असभ्यपणा थोडा कमी झाला, पण जोड राहिली. वाक्य एकदाच येत असेल तर मी पहिलं घेईन. सगळ्या प्रकरणात हा शब्द पुन्हा पुन्हा वाजत असेल तर दुसरं.

दुसरं वाक्य: ‘अ कोर्सली ड्रॉन फिगर ऑन द वॉल.’ भिंतीवरची आकृती ओबडधोबड काढलीय की अश्लील आहे? पुढे खडूचा तुकडा, लहान मूल, घाई यांचा उल्लेख असेल तर ओबडधोबड. येणारेजाणारे नजर चोरत असतील तर अश्लील. काहीच कळत नसेल तर ‘बटबटीत’ वापरून पाहावा. मेकअप बटबटीत असतो, चित्र, अभिनय आणि विनोदही बटबटीत असतो. डोळ्याला खुपणारं आणि अभिरुचीला खुपणारं, दोन्ही त्यात बसतं. मराठीत ‘कोर्सली’च्या दोन्ही खोल्यांत पाय ठेवणारा याच्याइतका जवळचा दुसरा शब्द मला सापडलेला नाही. दळणाला तो चालत नाही, हे अर्थात आलंच.

ऐकून उतरवलेल्या मजकुरात आणखी एक सापळा असतो. ‘ही व्हिस्पर्ड कोर्सली’ असं दिसलं तर मूळ शब्द ‘होर्सली’ आहे का ते तपासावं. होर्सली म्हणजे घोगऱ्या आवाजात, आणि कुजबुज बहुधा घोगरीच असते. ‘कोर्स सॉल्ट’ आणि ‘ऑफ कोर्स’ यांची स्पेलिंगं एकमेकांत मिसळणं तर इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही चुकलेलं नाही.

कोर्सलीची भावंडं तपासली तर तीच वाट पुन्हा दिसते. ‘रूड’ हा लॅटिन ‘रुडिस’वरून, म्हणजे घडवलेलं नाही ते. ‘क्रूड’ ‘क्रुडुस’वरून, म्हणजे कच्चं. उलट टोकाला ‘पोलाइट’ म्हणजे मुळात घासूनपुसून गुळगुळीत केलेलं, ‘पॉलिश’ त्याचंच भावंड. आणि ‘व्हल्गर’ तर सरळ ‘व्हल्गुस’वरून, म्हणजे सर्वसाधारण लोक. जुन्या निसर्गविषयक लिखाणात एखाद्या झाडाचं शास्त्रीय नाव देऊन पुढे ‘व्हल्गर्ली कॉल्ड’ असं येतं. त्याचा अर्थ ‘लोक ज्याला अमुक म्हणतात’ एवढाच. त्याचं ‘असभ्यपणे म्हणतात’ करणं म्हणजे पुन्हा त्या मिरीचीच चूक. बार्लीचं शास्त्रीय नाव होर्डियम व्हल्गारे आणि बीटचं बीटा व्हल्गारिस, त्यातही लाजण्यासारखं काही नाही. गणितातल्या ‘व्हल्गर फ्रॅक्शन’चं मराठी पाठ्यपुस्तकांत ‘व्यवहारी अपूर्णांक’ झालं आहे. ज्यानं ते पहिल्यांदा लिहिलं, त्यानं शब्दकोशातली बरोबर ओळ पकडली होती.